मुलगा निघालाय

सकाळी आठ ते साडेआठ या अर्ध्या तासात पुण्यात फोनवर जितकं खोटं बोललं जातं, तितकं उरलेल्या दिवसात बोललं जात नसावं, आणि त्यातला बराच मोठा वाटा आमच्या ब्यूरोच्या मॅडमचा असणार. आठला ड्यूटी बदलते. रात्रीचा मुलगा सॅक पाठीला लावून, बूट घालून दारात उभा असतो. दिवसाचा आलेला नसतो. मी मॅडमना फोन लावतो. आधी स्वामी समर्थांचा तारक मंत्र वाजतो, कारण ती त्यांची कॉलर ट्यून आहे. तो बहुतेक वेळा पूर्ण ऐकायला मिळतो. मग मॅडम येतात.

"निघालाय दादा तो. कात्रजला बससाठी उभाय."

"कोण?"

"मुलगा."

"कोणता मुलगा? कालचाच ना?"

"चांगला मुलगा आहे दादा. तुम्ही बघाच."

मॅडमचा आवाज असा, की रागवायला घेतलेला श्वास आपला आपणच सोडून द्यावा. त्या चिडत नाहीत, घाईत नसतात, फोन उचलायचा कधी टाळत नाहीत. साडेआठला लावा, पावणेनऊला लावा, नऊला लावा. दर वेळी मुलगा निघालेलाच असतो. फक्त तो कात्रजहून आमच्या घराकडे न सरकता कधी हडपसरला, कधी थेट पिंपरीला पोचतो, आणि मॅडम तेही त्याच शांतपणे सांगतात. अपंग, अंथरुणाला खिळलेल्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरी 'ब्रदर' आणि 'मावशी' पुरवणाऱ्या ब्यूरोंचा धंदा या एका क्रियापदावर उभा आहे. तेवढ्या शब्दावर माणूस आणखी अर्धा तास थांबतो, आणि अर्ध्या तासात काहीही होऊ शकतं. कधीकधी मुलगासुद्धा येतो.

आमच्याकडे हे सगळं दादासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एका पतसंस्थेत अकाउंटंट होता. पावसाळ्यात खेड शिवापूरच्या पुढे मोटारसायकल घसरली आणि मानेच्या सहाव्या मणक्याला मार बसला. मनगटं उचलता येतात, बोटं नाहीत. छातीच्या खाली काहीच नाही. डोकं मात्र पहिल्यापेक्षा जास्त चालतं, कारण बाकीच्या अवयवांची कामं त्यानं त्याच खात्यावर वळती केली आहेत. अशा माणसाचं सकाळी कुशीवर घेऊन पोट साफ करावं लागतं, त्यालाच तासभर जातो. मग स्पंज, कपडे, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत. खुर्चीत बसला की थोड्याथोड्या वेळानं पुढे वाकवून बुडाखालचा दाब काढायचा, नाहीतर कातडी लाल होते आणि ती लाली आठवड्यात जखमेपर्यंत जाते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला लटकलेली हवी आणि नळी कुठे दुमडलेली नको. यातलं एकही काम फार अवघड नाही. फक्त कुठलंही उद्यावर टाकता येत नाही, आणि हे मॅडमना आमच्याइतकंच पक्कं माहीत आहे.

मॅडमशी पहिला फोन झाला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "वजन किती?"

नाव नाही, वय नाही, झालंय काय हेही नाही. वजन. सत्तरच्या आत एक दर, सत्तरच्या वर दुसरा. दादा अडुसष्ट किलो, असं मी सांगितलं.

"कपड्यांसकट ना?" मॅडमनी खात्री करून घेतली. मग डायपर की कॅथेटर? आरटी आहे का, म्हणजे नाकातून पोटात नळी? रात्री ओरडतात का? डोकं ठिकाणावर आहे का?

"एकदम ठिकाणावर आहे," मी अभिमानानं म्हणालो.

पलीकडे जरा शांतता पसरली. डोकं ठिकाणावर असलेला पेशंट तक्रारी करतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढचे प्रश्न मुलाच्या बाजूचे होते. लिफ्ट आहे का? जेवणात भाकरी मिळेल ना? नॉनव्हेज होतं का? वायफाय आहे का? वायफाय आहे म्हटल्यावर मॅडमचा आवाज खुलला. "मग काही प्रॉब्लेम नाही. मुलगा टिकेल."

त्या दिवसापासून मॅडम मला 'दादा' म्हणतात आणि दादाला 'पेशंट'. घरात येणारी मुलंही तेच करतात. दादाच्या शेजारी उभं राहून मला विचारतात, "पेशंटला चहात साखर चालते का?" दादा म्हणतो, "चालते. दोन चमचे." मुलगा माझ्याकडे बघत राहतो. मी मान डोलावली की मगच साखर पडते.

मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर करारनामा पाठवला. नोंदणीचे पैसे, डिपॉझिट, पंधरा दिवसांचे आगाऊ, मुलाला परस्पर कामावर ठेवलं तर दंड, दागिने आणि रोकड आपल्या जबाबदारीवर, मुलगा पसंत न पडल्यास चोवीस तासांत रिप्लेसमेंट. दादानं तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. त्याच्या मते तो वाचणारा ब्यूरोच्या इतिहासातला पहिलाच पेशंट असावा, कारण त्यात एका कलमात डिपॉझिट परत मिळणार होतं आणि पुढच्याच कलमात मिळणार नव्हतं, आणि आजवर कुणीच ते मॅडमच्या नजरेला आणलं नव्हतं. मी आणलं. "ते टाइपिंगवाल्याचं आहे दादा," मॅडम म्हणाल्या. नेमकं कोणतं कलम त्या टाइपिंगवाल्याचं, ते आजतागायत कळलेलं नाही.

बारा तासांचे नऊशे रुपये. त्यातले सहाशे मुलाच्या हातात पडतात, हे आम्हाला मुलांनीच सांगितलं. धनकवडीत एका खोलीत आठ-दहा जण राहतात आणि त्या खोलीचं भाडंही सहाशेतूनच कापलं जातं. मुलं सगळी लांबची. दादानं नावं लक्षात ठेवणं लवकरच सोडून दिलं आणि त्यांना तालुक्यानं हाक मारायला सुरुवात केली. मंठा, सेनगाव, मुखेड, उमरखेड. एक जाऊन दुसरा आला की आई स्वयंपाकघरातून विचारते, "आज कोणता तालुका आहे रे?" कारण त्याप्रमाणे तिखटाचा अंदाज बदलतो.

मॅडम मुलगा पाठवताना त्याचं एका विशेषणात वर्णन करतात. 'साधा' म्हणून जो आला त्याला आयुष्यात कॅथेटर दिसलेला नव्हता. लघवीची पिशवी त्यानं दिवसभर पलंगाच्या वरच्या कठड्याला टांगली, कारण सलाइन तिथेच टांगलेलं त्यानं पाहिलं होतं. 'शांत' आला तो नऊला झोपला आणि सकाळी त्याला दादानंच हाका मारून उठवलं. रात्रभरात दादाची कूस एकदा बदलली होती, तीही आईनं. 'हुशार' आला त्यानं तासाभरात घराचा पासवर्ड, शेजारच्यांचा पासवर्ड आणि आमच्या चौकातल्या दुसऱ्या ब्यूरोचा नंबर मिळवला, आणि आठवड्याच्या आत तिकडे गेला.

'अनुभवी' मुलाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. "आयसीयूत होता दादा, दोन वर्षं," मॅडमनी हे दोनदा सांगितलं. मुलगा खरोखर रुबाबदार होता. हातमोजे घालायची त्याची पद्धत पाहून आईनं आतून त्याला नमस्कार केला. दुपारी दादाचं डोकं ठणकायला लागलं, कपाळावर घाम डवरला, चेहरा लाल झाला. अनुभवी मुलानं पडदे ओढले, पंखा वाढवला, खुर्ची पलंगाला चिकटवून बसला आणि कपाळाला बाम चोळायला घेतला.

मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाचं मूत्राशय तुंबलं तर त्याला ते जाणवत नाही. रक्तदाब मात्र सरसर चढतो, डोकं फुटायला येतं आणि नळी वेळेवर मोकळी झाली नाही तर जिवावर बेतू शकतं. दादाला हे पाठ आहे. नळी त्या खुर्चीच्या पायाखाली होती.

"बाम नंतर लाव," दादा म्हणाला. "आधी तू खुर्चीवरून ऊठ."

"काका, बोलू नका, आराम करा," मुलगा म्हणाला आणि आणखी जोरात चोळू लागला. दादानं मला हाक मारली म्हणून बरं.

मी मॅडमना फोन केला. तारक मंत्र पूर्ण ऐकला. "असं कसं करेल तो?" मॅडमना मनापासून आश्चर्य वाटलं. "आयसीयूत होता." नंतर दादानंच त्याला गोडीगुलाबीनं बोलतं केलं. तो आयसीयूत नव्हता, आयसीयूच्या दारात होता. नातेवाइकांना चपला काढायला लावायच्या आणि एका वेळी एकालाच आत सोडायचं, हे काम त्यानं दोन वर्षं इमानेइतबारे केलं होतं. हातमोजे घालायची पद्धत तो काचेतून शिकला होता.

खोटं बोलला म्हणून मला त्या मुलाचा राग आला नाही. तो खोटं बोललाच नव्हता, मॅडमनी विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं होतं. ब्यूरोचं प्रशिक्षण म्हणजे तीन दिवस. त्यात उशीला कुशीवर वळवायचं, उशीला स्पंज करायचा, उशीला खुर्चीत बसवायचं आणि चौथ्या दिवशी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घ्यायचं. उशी कधी तक्रार करत नाही. तिला बेडसोअर होत नाहीत.

मॅडमच्या रजांचं एक वेगळंच पंचांग आहे. त्यात पोळा आहे, गावोगावच्या जत्रा आहेत, सोयाबीनची काढणी आहे, ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांना गाडीत बसवून देण्याचा दिवस आहे. २०२४ च्या जूनमध्ये पोलीस भरतीची मैदानी चाचणी लागली आणि ब्यूरोतली निम्मी मुलं मैदानावर गेली. त्यातून सावरतात तोवर जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म निघाले. महिना दीड हजार. सगळ्या मावश्या दाखल्यांच्या रांगेत. "सरकारला आमच्या लाइनचं काही पडलेलंच नाही," मॅडम त्या दिवशी म्हणाल्या, आणि आवाजात पहिल्यांदाच जरा कातर भाव होता. मला त्यांची दया आली. लगेच पुढचं वाक्य आलं, "पण तुमचा मुलगा निघालाय."

मग जिंतूर आला. मॅडमनी त्याच्याबद्दल एकही विशेषण वापरलं नव्हतं, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं. काळा, उंच, पायात फाटके स्पोर्ट्स शूज. आल्याआल्या दादासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला यातलं काईच येत नाई. तुमी सांगा, मी करतो." दादानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू वर्षाअखेरीला ताळेबंद पहिल्या झटक्यात जुळला आहे.

चार दिवसांत तो सगळं शिकला. पलंगावरून खुर्चीत घेताना स्वतःचे गुडघे वाकवायचे, दादाच्या पावलांना आपल्या पावलांची अडण लावायची, पाठीवर भार न घेता मागे झुकायचं आणि तिसऱ्या आकड्याला वळायचं. नळी तपासायची कशी, लाल डाग बोटानं दाबल्यावर पांढरा होतो की तसाच राहतो ते बघायचं कसं. आणि महत्त्वाचं म्हणजे, आधी विचारायचं, मग हात लावायचा. बदल्यात दादा त्याचं गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी घ्यायचा. तो पहाटे तळजाईवर पळायचा आणि आठला घामेजलेला दारात हजर व्हायचा. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारले की वीसपैकी वीस गुण, हे आता आमच्या आईलाही माहीत आहे. तो यायच्या वेळी ती दारातच विचारायची, "किती आले आज?" सेकंद दोन कमी झाले की थालीपीठ एक जास्त.

आठचा फोन बंद झाला. मॅडमचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं, हे खोटं वाटेल, पण सवय वाईट असते.

आणि एका सोमवारी सव्वाआठला मला तो फोन करावा लागला.

"निघालाय दादा तो."

"जिंतूरचा?"

"नाही, दुसरा आहे. साधा मुलगा आहे. जिंतूरच्याला जरा व्हीआयपी पेशंटकडे लावलाय."

व्हीआयपी पेशंट कोरेगाव पार्कात होता. तिथे बारा तासांचे चौदाशे. दुपारी जिंतूरचा स्वतःचाच फोन आला. "सर, इथं उचलायला मशीन हाय. पेशंट काईच बोलत नाई. मला तर इथं करमंनाच."

दादानं काही म्हटलं नाही. त्याच्या तळहाताला एक पट्टा बांधलेला असतो, त्यात रबरी टोकाची काडी अडकवून तो टॅबलेटवर टाइप करतो. संध्याकाळपर्यंत त्यानं एक तक्ता तयार केला. कोणता तालुका कधी आला, आला तेव्हा काय येत होतं, जाताना काय येत होतं, पुढे कुठे गेला, तिथला दर किती. मुलं दादाशी फोनवर बोलत असतातच, त्यामुळे माहितीला तोटा नव्हता. तक्त्यावरून एवढंच दिसत होतं, की जो उचलायला शिकला तो महिन्याच्या आत आमच्याकडून हलला, आणि जास्त दराच्या घरी गेला. आमच्याकडे येत होते ते सगळे कच्चे. आम्ही ब्यूरोला पैसे भरून ब्यूरोचीच शाळा चालवत होतो, आणि उशीच्या जागी दादा होता.

मी भांडायला उठलो. दादा म्हणाला, "थांब. दिवाळी येऊ दे."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रात्रीचा मुलगा पहाटेच स्वारगेटला गेला. दिवसाचा कुणी येणार नाही, हे स्वारगेटची गर्दी टीव्हीवर दिसत होती त्यावरून कळत होतं. तरीही मी फोन केला. "निघालाय," मॅडम म्हणाल्या. दहा वाजले. दादा तसाच पडून होता आणि मी बाह्या सरसावून मनाची तयारी करत होतो, तोच बेल वाजली. दारात हेल्मेट घातलेली एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. एका हातात फराळाचा पुडा, दुसऱ्या हातात दोन मोबाइल.

"मीच निघाले होते दादा," मॅडम म्हणाल्या.

एवढ्या दिवसांच्या आवाजाला शरीर चिकटलेलं पाहून मी नुसता बघत राहिलो. त्यांनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या, ओढणी कमरेला बांधली आणि दादाकडे एक नजर टाकली. "अडुसष्ट म्हणाला होतात. हे सत्तरच्या पुढे आहेत."

"आईचे लाडू आहेत," दादा म्हणाला.

"ते दिसतंय."

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाईंनी कूस वळवली, पोट साफ केलं, स्पंज केला, कातडी कुठे लाल आहे ते बोटानं दाबून पाहिलं, चादरीची एकही सुरकुती मागे ठेवली नाही. सत्तरच्या पुढच्या माणसाला त्यांनी गुडघे वाकवून, पावलांची अडण लावून एका झोक्यात खुर्चीत बसवलं, आणि या संपूर्ण काळात एक फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून चार वेगवेगळ्या घरांना सांगितलं, की मुलगा निघालाय. तारक मंत्राची ही दुसरी बाजू मी पहिल्यांदा बघत होतो. पुढे चहा पिताना कळलं, की मॅडम एका मोठ्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात अठरा वर्षं आया होत्या. तिथल्या ठेकेदारानं पगार तटवला म्हणून चौघींनी मिळून ब्यूरो काढला. तिघी कंटाळून गेल्या.

"तुम्हाला एवढं येतं, मग मुलांना उशीवर का शिकवता?" दादानं विचारलं.

"वेळ कुठाय साहेब? पंचवीस घरं आहेत. मुलगा आज येतो, उद्या लावावा लागतो."

'साहेब' ऐकून दादा खुर्चीत जरा ताठ झाला. मानेपासून खाली ताठ होता येत नाही, पण त्यानं ते केलं. मग त्यानं मला टॅबलेट समोर धरायला सांगितला. मॅडमनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. नाकारलं काहीच नाही. फक्त म्हणाल्या, "मुखेडचा मुलगा चौदाशेवर नाही, तेराशेवर आहे. ते सुधारा." दादानं सुधारलं.

पुढचा तासभर दोघांनी घासाघीस केली. आईनं दोनदा चिवडा आणला. दादानं आधी कायदा काढला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, चोविसावं कलम, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद. केरळात घरातल्या काळजीवाहूला महिना सहाशे रुपये देतातही.

"महिन्याला सहाशे?" मॅडम म्हणाल्या. "आमच्या मुलाचा एक दिवस झाला तो. आणि तुमचा भत्ता आला की मलाही कळवा साहेब. माझे बाकीचे चोवीस पेशंटही वाट बघतायत."

कायद्यानं काम होईना, तेव्हा दादा त्याच्या मूळ धंद्यावर आला. मुलामागे शिकवणीचा दर, तो आमच्या बिलातून वजा. शिकून झालेला मुलगा निदान तीन महिने इथून हलवायचा नाही. मॅडम दोन महिन्यांवर आल्या. शेवटी दोन महिने आणि एक पंधरवडा यावर तुटलं. महिन्याचं बिल आलं त्यात एक ओळ होती : 'लक्ष्मीपूजन, स्वतः, सणाचा दर १८००.' खाली दादाच्या शिकवणीची वजावट होती आणि आयुष्यात पहिल्यांदा ब्यूरोनं आम्हाला शंभर रुपये देणं निघत होतं. मॅडमनी ते पुढच्या महिन्यात ओढले.

आता दर रविवारी सकाळी तीन नवी मुलं आमच्याकडे येतात. दादा पलंगावर पडून वर्ग घेतो, म्हणजे शिक्षकही तोच आणि फळाही तोच. पहिल्या दहा मिनिटांत त्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो : "मी उशी नाही! आधी विचार, मग हात लाव!" मुलं घाबरतात, मग सरावतात. एकानं एवढं मनावर घेतलं, की पंख्याचं बटण दाबण्याआधीही तो पंख्याकडे बघून थांबतो.

पुढचं आपोआप झालं. मॅडमना सकाळी पंचवीस घरांचे फोन घ्यायचे असतात आणि दादाला सकाळी पडून राहण्याशिवाय काम नसतं. एका महिन्यात ड्यूटीचा तक्ता दादाकडे आला, दुसऱ्या महिन्यात एक मोबाइल. त्यावरही तारक मंत्र आहे, तो बदलायला मॅडमनी नकार दिला. सुरुवातीला दादा ठरवून खरं बोलायचा. "मुलगा निघालेला नाही. आज येणारही नाही. तुमची तुम्ही सोय करा." आठवड्यात मॅडमकडे तक्रारींचा ढीग लागला. कुणी म्हणालं, तो फोनवरचा माणूस अत्यंत उर्मट आहे. एका गृहस्थांनी तर विचारलं, पूर्वीच्या गोड बोलणाऱ्या मॅडम कुठे गेल्या? दोन घरं दुसऱ्या ब्यूरोकडे वळली, जिथून त्यांना मुलगा मिळाला नाही, पण निघालाय असं कळलं. मग दादा "बघतो" म्हणायला लागला. नंतर "करतो काहीतरी". एका सोमवारी मी दात घासत असताना आतून त्याचा आवाज आला, शांत, घाई नसलेला, रागवणाऱ्याला श्वास सोडायला लावणारा. कोंढव्यातल्या कुणाला तरी तो सांगत होता, की मुलगा आत्ताच गंगाधामला उतरला. मी तोंडातला फेस तसाच ठेवून आत गेलो. दादानं माझ्याकडे बघितलं नाही.

परवा आठ वाजून गेले, सव्वाआठ झाले, आमचा मुलगा काही येईना. हा सेनगावचा, उचलण्यात पक्का, दोन महिने आणि एक पंधरवडा पूर्ण व्हायला अजून अवकाश होता. मला ऑफिसात साडेनऊला मीटिंग. मी सवयीनं मॅडमचा नंबर काढला.

"तिला कशाला लावतोस?" दादा पलंगावरून म्हणाला. "मीच पाठवलाय त्याला वारज्याला. तिथले आजोबा एकटे असतात, मुलगा कॅनडात. नाकात नळी आहे, आणि रात्रीचा पोरगा थांबायला तयार नाही."

"अरे, पण आपल्याकडे कोण येणार?"

"आपल्याकडे तू आहेस की," दादा म्हणाला. "हातमोजे वरच्या कप्प्यात आहेत. आणि मागच्या वेळेसारखी घाई करू नकोस."